आबांचा अॅम्प्लिफायर उघडला तेव्हा

आबा, तुमचा घरचा अॅम्प्लिफायर मी उघडलाय. लग्नांना न्यायचा तो मोठा नव्हे, तो केव्हाच मोडीत गेला. हा छोटा, काचेच्या चार व्हॉल्व्हचा, माले गावच्या घरात चुलीशेजारच्या फळीवर असायचा तो. घरात प्लग तेवढाच एक, म्हणून त्याची जागा स्वयंपाकघरात. आई भाकरी थापत असायची आणि तुम्ही स्टुलावर बसून व्हॉल्व्ह तापायची वाट बघत असायचा. तापलेल्या धुळीचा आणि ट्रान्सफॉर्मरच्या व्हार्निशचा वास सगळीकडे पसरला की आई म्हणायची, आज पिठल्याला तुमच्या यंत्राची फोडणी बसली. आता आई नाही, ती चूलही नाही. मी मारुंजीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. अॅम्प्लिफायर जेवणाच्या टेबलावर पालथा पडलेला असतो, आणि आम्ही दोघं नवराबायको ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

तुमचा ओरडा अजून आठवतो. मी आयटीआयला होतो, रविवारचा घरी आलो होतो. प्लग काढला आणि सरळ आत हात घालायला गेलो, तर तुम्ही मनगटावर फटका मारलात. "बंद केलं म्हंजी मेलं असं न्हाई," तुम्ही म्हणालात. "आत करंट बसून ऱ्हातो. आदी त्याला मोकळं कर, मग हात घाल." मग कपॅसिटरच्या दोन टोकांना तार टेकवून दाखवलीत आणि फट्कन ठिणगी उडाली. आजही मी तसंच करतो.

आणि कासारसाईचं ते लग्न. कर्णे बांधून झाले होते, गाणी सुरू झाली होती, मंडपातले सगळे खूश होते. तुम्ही मात्र उठून पार मागे गेलात आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलात. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तुम्ही थोडा वेळ ऐकलंत, परत आलात आणि टोनचं बटण जरासं फिरवलंत. मी म्हणालो, आवाज तर पोचतोय की. तुम्ही म्हणालात, "आवाज पोचतोय, पर शब्द पोचत न्हाई. मागं म्हातारी बसलीया. तिला नवरीचं नाव कळलं न्हाई, तर आपण हितं कशाला आलोय?"

पिरंगुटला कंपनीत लागलो तेव्हा तुम्ही हा अॅम्प्लिफायर मला देऊन टाकलात. पोरगा सावलीत गेला, असं तुम्ही गावभर सांगत होता. सावली होती, खोटं नाही. पण मी प्रेस शॉपमध्ये होतो आबा. पत्र्यावर प्रेस आपटायचे, दिवसभर, एकाच्या मागे एक. आम्ही माणसं हाताच्या खुणांनी बोलायचो. कानात घालायला रबरी बोळे मिळायचे, ते आम्ही गळ्यात लटकवून ठेवायचो, कारण सुपरवायझरनं मारलेली हाक ऐकू यायला हवी. घरी आल्यावर कान वाजत राहायचे, सकाळपर्यंत थांबायचे. पुढे सकाळीही थांबेनात. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही इतके खूश होता, आणि नंतर तुम्ही गेलातच.

आता अॅम्प्लिफायर का उघडला ते सांगतो. तुमची नात, माझी पोरगी, लग्न होऊन बंगळुरूला आहे. तिला एक मुलगी आहे, चार वर्षांची, म्हणजे तुमची पणती. ती फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवते. फोनवर समोरासमोर बोलायला ती लाजते, पण रेकॉर्ड करायचं म्हटलं की भरभरून बोलते. प्रत्येक वेळी शेवटी मला काहीतरी विचारते आणि उत्तराची वाट बघते. मला तिचा आवाज येतो, गोड येतो, पण शब्द कळत नाहीत. मग मी अंदाजानं काहीतरी बोलून पाठवतो. एकदा पोरीनं मला सांगितलं, "बाबा, ती विचारते, आजोबा भलतंच का सांगतात?"

फोनचा स्पीकर तो केवढा, त्यातून काय कळणार, असं मी म्हणालो आणि माळ्यावरून तुमचा अॅम्प्लिफायर काढला. बुधवार पेठेतून फिल्टरचे नवे कपॅसिटर आणले, तर स्पीकरातली घुंई थांबली. मग दोन व्हॉल्व्हच्या मधले जुने कागदी कपॅसिटर काढले, ते गळत होते, त्यांच्या जागी नवीन चांगले घातले. बायको म्हणाली, आवाज किती मोकळा झाला. मला तेवढंच धूसर. मग रेझिस्टर बदलले. मग एका जुन्या मेकॅनिकला गाठून व्हॉल्व्हची न वापरलेली जोडी मिळवली. शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळून घेतला. प्रत्येक वेळी पहिला दिवस वाटायचं, आलं, आता कळतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बायको वैतागली. "कालच तर चांगला वाजत व्हता. आज पुन्यांदा कशाला खोललाय?" मी तिला सांगितलं, वरचा स्वर अजून येत नाही.

मध्यंतरी कंपनीत वार्षिक तपासणीत कान तपासले. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बराच वेळ नुसताच बसून होतो. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी मला समजेल असं सांगितलं, की दोन्ही कानांचं वरचं ऐकणं गेलंय, स, श, फ असली अक्षरं आता तुम्हाला नीट कळायची नाहीत. मशीन लावून थोडा फरक पडेल, गेलेलं परत यायचं नाही.

परवा सकाळी नवं रेकॉर्डिंग आलं. बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. मी अॅम्प्लिफायर तापू दिला, फोनची पिन लावली, स्पीकरला कान लावून बसलो. छोटीचं बोलणं झालं, शेवटी तिनं काहीतरी विचारलं. स्वर वर गेला, एवढं कळलं. तिला नवीन फ्रॉक घेतल्याचं आदल्या दिवशी समजलं होतं. त्याबद्दलच असणार असं धरून मी हसत हसत बोललो, "हो बाळा, हो. खूप." आणि पाठवून दिलं.

बायको आली. तिनं ते लावून ऐकलं.

"काय म्हणालात तुमी तिला?"

मी सांगितलं.

"अवो, ती इचारतीया, आजोबा तुम्ही माझ्यावर रुसलात का?"

तोपर्यंत तिकडे ऐकून झालं होतं. आम्ही लगेच फोन केला. पोरगी म्हणाली, छोटी रडून पलंगाखाली जाऊन बसलीय, बाहेर येत नाही. मी फोनमध्ये मोठमोठ्यानं सांगत राहिलो, नाही बाळा, आजोबा नाही रुसले. ती काही बोलली की नाही, मला माहीत नाही. बायकोच्या तोंडाकडे बघत होतो, तिनं मान हलवली नाही. फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "यंत्र बरं हाय. आता त्याला हात लावू नका."

मी लावला नाही. पालथाच पडलाय. त्यात आता बदलायचं काही उरलेलंही नाही.

आबा, हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक खरं लिहितो. कान तपासले ते मध्यंतरी, असं वर लिहिलंय. तसं नाही. आधी कान तपासले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी हो हो म्हणालो, घरी कुणालाच बोललो नाही, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून बुधवार पेठेत कपॅसिटर आणायला गेलो.