उकळत्या पाण्याचं वाक्य

१६ जानेवारी १८३७, व्हॅन्डेलिया

ल्यूसिंडाकाकूंचा अर्ज लिहून झाला. इलिनॉयच्या सभागृहानं कायदा केला तरच त्यांना घटस्फोट. बाबा तिथले सभासद, मांडणार तेच. पण बाबांना लिहिणं जमत नाही. आमच्या घरात शाळा पाहिलेली मी पहिली, म्हणून कागद माझ्याकडे.

नवऱ्यानं, प्रूइटनं, काकूंचं मनगट मोडलं, ते लिहिलं. मग हात अडला. त्याच दिवशी काकूंनीही त्याच्यावर उकळतं पाणी फेकलं होतं — त्यांनीच विश्वासानं सांगितलं होतं मला. गाळलं तर खोटं नाही का होणार?

बाबांना विचारलं. "लिही, टॅबी, लिही. अर्धं खरं मला नको."

किती हलकं वाटलं!

२ फेब्रुवारी

सभागृहात कारकुनानं माझं वाक्य वाचलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "सभापती महाराज, नवरा शिजला की कच्चाच राहिला?" सगळे खो खो हसले. मग एकेकाचं नाव पुकारून मत विचारू लागले. मला ऐकवेना. शालीत तोंड खुपसलं, कानांत बोटं घातली.

अर्ज पडला. माझ्यामुळे!

परतताना बाबा म्हणाले, "तुझा दोष नाही पोरी, तू खरं तेच लिहिलंस." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

१२ मार्च, घरी

काकू प्रूइटकडे परत गेल्या. त्यांचा भाऊ तरी किती दिवस सांभाळणार! चर्चच्या दारात भेटल्या. मनगट वाकडंच जुळलंय. हळूच म्हणाल्या, "तुला सांगितलेलं तुझ्यापाशीच राहील असं वाटलं होतं गं."

मागे प्रूइट उभा होता. मी बुटांकडे बघत राहिले.

१३ मार्च

प्रार्थना म्हटली नाही. कोणत्या तोंडानं म्हणू?

६ ऑगस्ट १८३८

आज मतदान. बाबा तिसऱ्यांदा उभे. त्यांचं जेवण घेऊन मतदानाच्या कचेरीत गेले, तेव्हा प्रूइटची पाळी होती. मत मोठ्यांदाच सांगायचं असतं. त्यानं तर बाबांचं नाव छपराला ऐकू जाईल असं सांगितलं —

"ईनॉस रडक! माझ्या बायकोच्या अर्जाला 'नाही' म्हणाला, म्हणून माझी चूल पेटते!"

मत देणाऱ्याचे उमेदवारानं आभार मानायचे, त्या रिवाजाप्रमाणे बाबा उठले आणि त्याचे आभार मानले. माझ्याकडे न बघता.