अंगठ्यावरची चिंधी

१२ जून १९८८
सुमे, तारीख टाकली? आता मी सांगून राहिली तसंच लिही. सुधारू नको. तुझ्या शाळेची हिंदी घुसवू नको.

आज पुलगावहून आली. दोन महिने लेकीकडे होती. दुर्ग स्टेशनले उतरली, तिथून भिलाईचा टेम्पो, मंग रिक्षा. रिक्षावाल्याले सांगितलं, वैशाली नगर, बाभळीपासून उजवीकडे, तिसरं घर, पुढे ओटा. तो घेऊन गेला. म्हटलं, हे नाही. परतवली. हे पण नाही. तिसऱ्या खेपेले तो म्हणे, "दाई, बंबरी ला तो कब के काट डारिन."

बाभूळ तोडली. बाप्पा! कोणाले विचारून?

एका काचेच्या दुकानापुढे थांबली. वर पाटी, पाटीवर बाईचं तोंड, म्हशीएवढं. खाली आमची मंदा, पाण्याचा तांब्या न् भाकरीचा तुकडा घेऊन उभी, माझ्यावरून ओवाळायले. मी माझ्याच सुनेले विचारलं, "बाई, इथं आमचं घर होतं. कुठं गेलं?"
तिले वाटलं सासू मस्करी करून राहिली. मी मस्करी नव्हती करत.

१३ जून
वसंताले समोर बसवलं. पन्नाशी उलटली, स्टील प्लांटात हेडक्लार्क आहे, पण माझ्यापुढे नखं खातो.
"माझी पुढची खोली कुठं गेली?"
"आई, पार्लरले भाड्याने दिली."
"मले कावून नाही सांगितलं?"
"सांगितलं असतं तर तू नाही म्हटलं असतं."
"म्हणून नाही सांगितलं?"
"म्हणून."
इतका सरळ पोरगा. चोरी करून घरधन्याले पत्ता सांगून येईल.

खोली गेली. ओटा अर्धा तोडला, काचेच्या दाराले पायरी पाहिजे म्हणून. घर माझ्या नावावर, आर्वीकडचं वावर विकून हा प्लॉट घेतला होता ना. मंग माझ्याशिवाय झालं कसं? तर जायच्या आधी वसंताने एका कागदावर माझा अंगठा घेतला होता. "आई, मीटरचा कागद आहे." खोटं नाही बोलला. मीटरचाच होता. दुकानाच्या मीटरचा.

पंचाहत्तर वर्षांत अंगठा देताना मी कधी विचारलं नाही, कशाले.

१४ जून
हे सुमीनेच लिहायचं आहे.
पुलगावले तुझी दोन पत्रं आली, सुमे. तिथल्या नातीने वाचून दाखवली. "घरी सर्व जसंच्या तसं आहे." आणि तू लिहीत होती तेव्हा बाहेर ओटा फोडून राहिले होते! घणाचा आवाज आला असन ना तुले?
(रडून राहिली. रडू नको, शाई पसरते. मंग वाचशील कशी?)
म्हणे बाबांनी सांगितलं होतं. बरं. आजपासून लिहिलेलं रोज वाचून दाखवायचं. मले अक्षर येत नाही, पण माझं बोलणं मले ओळखू येते.

२० जून
भाजीवाली बिसाहिन आली. डोक्यावर टोपली, अंबाडीची भाजी न् लाल भाजी. ओट्याच्या उरलेल्या अर्ध्यावर बसायले गेली तर पार्लरवाली लता बाहेर आली, "यहाँ नहीं, अम्मा, कस्टमर आते हैं."
बिसाहिन माझ्याकडे पाहून राहिली. मी लताकडे. लता काचेकडे.
बिसाहिन नालीच्या कडेले जाऊन बसली. "रहन दे दाई, मोला तो एके हाथ जगा चाही." हातभर जागा पुरे म्हणे तिले.

तिले या ओट्यावर बसवून दहा वर्षं होत आली. ते लिहून ठेव.
आम्ही सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नळ, बाग, शेजारी सगळे आपल्याकडचे. पण क्वार्टर कंपनीचं; नोकरी संपली की चावी परत. मीच हट्ट धरला, रेल्वे फाटकापलीकडे प्लॉट घे. से. २ च्या बाया खाऽ खाऽ हसल्या. "आजी जंगलात चालल्या, कोल्ह्यांसोबत फुगडी खेळायले." खरंच कोल्हे होते. पाच घरं, बाकी बेशरमाची झाडं. मीठ संपलं तर सुपेल्याच्या बाजारात पायी.
एक दिवस ही बाई गावाकडून टोपली घेऊन सुपेल्याले चालली होती. मी ओट्यावरून हाक मारली. बस म्हटलं, इथंच बस, पाच घरं घेतील. ती बसली. आठ दिवसांनी तिच्या बाजूले चपला शिवणारा बसला. मंग चहाचा ठेला. मंग कोणी म्हणे, इथं माणसं जमतात, किराणा टाकू.
म्हणजे हा बाजार बसवला कोणी? मीच की! आजच माझ्या ध्यानात आलं. सांगता सांगता.

८ जुलै
पार्लरात जाऊन आली. माझीच खोली, मले कोण अडवते.
जिथं माझी खाट होती तिथं फिरती खुर्ची. भिंतभर आरसा. माझ्या खोलीत मी चार-चार दिसून राहिली, आणि एकीलाही बसायले जागा नाही.
खुर्चीत से. २ च्या देशमुखबाई! त्याच, कोल्ह्यांवाल्या. डोळे मिटून, मान मागे, आणि लता दोऱ्याने भुवया उपटून राहिली. पैसे देऊन.
"आजी, तुम्ही!"
"मी राहते इथं. तुम्ही जंगलात कुठं?"
"आता सगळं इकडेच मिळते हो आजी. आमच्या सेक्टरमध्ये काय ठेवलं आहे!"
भुवई अर्धी झालेली. रागावली की हसली ते समजलं नाही.
लता मले म्हणे, "अम्मा, आपकी भी कर दूँ?" म्हटलं, राहू दे, यांनीच तर लोकांले भेव वाटते.
पोट्टी वाईट नाही. नवरा सोडून गेला, दोन लेकरं. हे मंदाने सांगितलं. मले हे माहीत व्हायले नको होतं. आता धड रागावता पण येत नाही.

२ सप्टेंबर
आज हरवली. आपल्याच गल्लीत.
हुडको कॉलनीत मैत्रीण वच्छीकडे बसायले गेली होती. नेहमीची वाट. येताना मोकळा प्लॉट पाहिजे होता, तिथं बँक. पाण्याचं पिंप पाहिजे होतं, तिथं जुत्यांचं दुकान. चहाचा ठेला तर रेस्टॉरंट झाला, आत अंधार करून ठेवते, दिवसाढवळ्या. पाट्याच पाट्या. ज्याले वाचता येते त्याच्यासाठी सोय झाली. माझ्यासाठी सगळ्या भिंती मुक्या झाल्या.
पूर्वी पोस्टमन मले विचारे, "दाई, ये वाला घर कौन सा?" इथली पहिली पन्नास घरं मी सांगितली त्याले. आज मी एका पोराले... नाही, ते नको लिहू. लिही. मी एका अनोळखी माणसाले विचारलं, माझं घर कुठं आहे.
त्याने विचारलं, "मकान नंबर?"
मले नंबर नाही माहीत.
मंग नालीकडून आवाज आला, "दाई! एती, एती!" बिसाहिन. इकडे ये म्हणून टोपलीमागून हात हलवून राहिली होती.
ती आहे तिथं माझं घर. आता हाच पत्ता.

१४ जानेवारी १९८९
तीळगूळ वाटला. लताच्या लेकरांनाही. मोठी पोरगी "आजी" म्हणते. कोणी शिकवलं? सुमीने.

दुपारी एक सफारी सूटवाला आला. कॉम्प्लेक्स बांधतो म्हणे. आमचं आणि बाजूची दोन घरं पाडून चार मजले. खाली दुकानं, वर ऑफिसं, त्याच्यावर फ्लॅट. आमाले तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट न् खाली एक दुकान. कागदावर चित्र दाखवलं. चित्रात मोटारी, झाडं, गोऱ्या बाया. मी विचारलं, "ओटा कुठे है?"
"माताजी, बालकनी है ना।"
"बालकनीत भाजीवाली कशी चढेल?"
तो हसला. वसंता पण हसला. मी जोक केला नव्हता.
तो म्हणे, दोन वर्षांत भिलाईचा मेन बाजार हाच होईल. सुपेला मागे पडेल. सगळं इकडे येऊन राहिलं.
खरं बोलून राहिला तो. त्याचंच भेव वाटलं.

१९ जानेवारी
वसंता आज ऑफिसातून आला, चहा नाही घेतला, माझ्याजवळ बसला.
"आई, दोन वर्षांत रिटायर होतो. सुमीचं शिक्षण आहे. सगळे घरं देऊन राहिले. आपणच मध्ये दाताडासारखं उभं राहायचं?"
मी म्हटलं, "तूच तर म्हणायचा, आई, इथं कोण येणार, कुत्रं नाही फिरकणार."
"म्हणायचो. मी चुकलो. तूच बरोबर होती. तू म्हणत होती, वस्ती वाढन, सगळं इथंच येईल."
माझंच म्हणणं माझ्या अंगावर.
तो वाईट नाही. थकला आहे. मानेवर त्याच्या बापासारखी सुरकुती पडून राहिली. ते कधी झालं?

११ फेब्रुवारी
कागद आला. सुमीकडून तीन वेळा वाचून घेतला, तिच्या तोंडाले कोरड पडली. हिंदीत, मोठे मोठे शब्द. त्यात पार्किंग आहे, लिफ्ट आहे, पाण्याची टाकी आहे. माझं नाव सात वेळा आहे. ओटा एकदाही नाही.
सफारीवाल्याले म्हटलं, एक ओळ वाढवा. पुढच्या पायरीवर बिसाहिन बसणार, तिले कोणी उठवायचं नाही.
"माताजी, एग्रीमेंट में सब्ज़ीवाली थोड़े लिखते हैं।"
"जिने बाजार बसवला तिले नाही लिहीत, तर कोणाले लिहिता?"
तो वसंताकडे पाहून राहिला. वसंता कागदाकडे.
बिसाहिनले सांगितलं. ती म्हणे, "तोर घर ए दाई, तोर मन. मैं तो कहूँ बइठ जाहूँ." कुठंही बसेन म्हणे. आणि मले दोन जुड्या जास्त दिल्या.

२ मार्च
परवा रजिस्ट्री. तारीख वसंताने ठरवून टाकली. दुर्गले जायचं, अंगठा द्यायले.
आज विळीवर भाजी चिरताना अंगठा कापला. मंदाने विचारलं, खोल आहे का? म्हटलं, गजब खोल. चिंधी गुंडाळली, हळद भरून.
सुमे, तू पाहिलं ना रक्त? नाही पाहिलं? लिही, पाहिलं.
...बरं, नको लिहू.

४ मार्च
सफारीवाला मोटार घेऊन आला. चिंधी दाखवली. त्याचं तोंड असं झालं जसं कॉम्प्लेक्सच पडलं.
"माताजी, दूसरा अंगूठा?"
प्लॉटच्या पहिल्या कागदावर या अंगठ्याचं निशाण आहे म्हणून दुसरा चालणार नाही, असं त्याच्याच वकिलाने सांगितलं. मी नाही सांगितलं. मी चिंधी धरून बसली होती, म्हातारी, आजारी.
आठ दिवसांनी या म्हटलं.

९ मार्च
फसली. पोळ्या लाटून राहिली होती, चिंधी काढून, कणीक लागते म्हणून. वर पाहिलं तर दारात लता. पाण्याची बादली मागायले आलेली.
अंगठा पाहिला तिने. एक ओरखडा नाही.
जाताना ओट्याच्या उरलेल्या तुकड्यावर ठेवलेली आपली छोटी पाटी उचलली, आत भिंतीले टेकवली. संध्याकाळी बिसाहिन तिथं बसलेली. लताने तिच्याकडून मेथी घेतली, घासाघीस करून. मी खिडकीतून पाहत राहिली. दुनिया पागल झाली की मी?
कॉम्प्लेक्समध्ये लताले पण जागा नाही, हे मले आज सुचलं. एवढे दिवस काय झोपली होती मी?

१२ मार्च
उद्या सफारीवाला येणार.
वसंता दुपारी लवकर आला. माझ्या खाटेवर बसला, मागच्या खोलीत, आता इथंच माझी खाट. माझा हात हातात घेतला. म्हटलं, संपलं. आता उघडून पाहणार.
पाहिलं नाही. चिंधी जराशी सैल झाली होती, ती नीट गुंडाळली. "सैल झाली होती, आई. धूळ जाईल." आणि गाठ मारली. बाहेर गेला. ओट्यावर बिसाहिनशी बोलल्याचा आवाज आला. काय बोलला ते ऐकू नाही आलं, ट्रकचा भोंगा.

त्याले माहीत आहे की नाही? मंदाले विचारलं तर ती म्हणे, "तुमचा पोरगा, तुमाले माहीत."

आता वाचून दाखव, सुमे. हं. बरोबर.
आणखी एक. गाठ त्याने अशी मारली आहे की एका हाताने मले सुटून नाही राहिली. तू हात लावू नको. सकाळी ज्याले सोडायची तो सोडेल.