राहिलेली वेलांटी

अमरावती,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
कमूचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे, पण सर्व क्षेम नाही. साधना निधीकडे पुण्याला गेली त्याला आज आठवा दिवस, आणि आमच्या स्वयंपाकघरात अराजक माजलं आहे. दोष माझा नाही, डब्यांचा आहे. 'जिरे' लिहिलेल्या डब्यात ओवा. 'मेथी'त शिवणाची रिळं. 'साखर' लिहिलंय त्यात रवा. परवा चहात दोन चमचे रवा घातला आणि विरघळेल या आशेने बराच वेळ ढवळत बसलो. फोन केला तर लेक मागून हसते आहे आणि तिची आई म्हणते, "नावं कशाला वाचता? कशात काय आहे ते मला ठाऊक आहे ना!" ज्या घरात नावावर भरवसा ठेवता येत नाही, तिथे सभ्य माणसाने जगावं कसं, यावर लेख लिहायला बसलो होतो. दोन ओळींवर अडकलो. म्हणून हे पत्र.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? वरूडची संत्री बाजारात आली आहेत, पण अजून आंबट. गोड झाली की पाठवतो.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली होती, अश्लेषा. विद्यापीठात विनोदी साहित्यातल्या बायका-पुरुषांवर पीएच.डी. करते. माझे साडेतीनशे लेख वाचून आली होती. इतके मीही वाचलेले नाहीत. माझ्या सदरातल्या 'सौ.'ची तिने यादीच केली होती. सौ. साडीच्या दुकानात. सौ. स्कूटर शिकते. सौ. रुसते, हे एकोणीस वेळा.

"सर, ही सौ. स्वतः एकदाही विनोद करत नाही."

"ती विनोदाचा विषय आहे बाई," मी म्हटलं. मला ते फार चमकदार वाटलं. तिने शांतपणे वहीत उतरवून घेतलं, तेव्हा जरा कमी वाटलं.

मग तिने पिशवीतून माझ्या पहिल्या लेखाची झेरॉक्स काढली. 'शेवटचा पाट'. सत्त्याऐंशीच्या दिवाळी अंकातली, ग्रंथालयातून शोधलेली.

"तुमच्या पुस्तकांत इथे 'मी हसलो' आहे. यात 'मी हसली' आहे."

"छापखान्याची चूक."

"मग सगळ्या लेखात तेच एक वाक्य जिवंत काहून वाटते जी?"

मी चहा ठेवायला आत गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ आत राहिलो. जाताना दारात चपला घालत ती म्हणाली, "पहिल्या लेखात बाई हसते. मग तीस वर्षं सगळे बाईवर हसतात. मधे काय झालं, सर?"

मधे काय झालं ते तुला ठाऊक आहे, ताई. पण मी ते कधी लिहून दिलेलं नाही, आणि माझा धंदा लिहिण्याचा आहे.

वलगावला देवमनकाकांकडे लग्न होतं. तू सात पंगती वाढल्यास. आठव्या पंगतीत तुला पाट मिळाला, तेव्हा जिलबी संपलेली होती. घरी येऊन एका बैठकीत तू तो लेख लिहिलास. 'मी वाढतो, मी पाहतो, मी आग्रह करतो.' आपल्या घरी आई, मावशी, तू, साऱ्या असंच बोलायच्या. पुण्याकडे असं फक्त पुरुष बोलतात हे आपल्याला कोण सांगणार? खाली नाव नुसतं 'ता. ना. पिंपळखुटे'. संपादकांचं उत्तर आलं: 'श्रीयुत पिंपळखुटे, एका पुरुषाने स्त्रीमन इतक्या समजुतीने जाणावे याचे कौतुक वाटले. मात्र चार-दोन ठिकाणी क्रियापदांचे लिंग चुकले आहे. ते तपासून शुद्ध प्रत व फोटो पाठवावा.' तू पोटाला हात लावून हसलीस. आईला चार वेळा वाचून दाखवलंस. "माय, मी श्रीयुत झाली वं!"

बाबा हसले नाहीत. अकोल्याची सोयरीक चालू होती. पंगतीतल्या पुरुषांची टिंगल करणारी पोरगी म्हटल्यावर कोण पुढे येणार?

बाबांनीच माझं नाव पुढे केलं, असं मी सदतीस वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. बाबांनी 'लेख छापू नये' असं पत्र लिहून मला टपालात टाकायला दिलं होतं, एवढंच. ते मी टाकलं नाही. तुझा लेख माझ्या अक्षरात उतरवला. 'वाढली'चं 'वाढलो' केलं, 'थकली'चं 'थकलो', खाली माझं नाव घातलं आणि माझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो काढून डकवला. एक 'हसली' नजरेतून सुटली.

अंक आला. तू ओसरीत बसून वाचलास. मग म्हणालीस, "राहू दे, कमू. मी हसली तं कोणी आयकत नाही, तू हसला तं छापून येते."

ती मी परवानगी समजलो. सोयीचं होतं. त्यानंतर तू काही लिहिलं नाहीस, आणि का लिहीत नाहीस हे मी विचारलं नाही. मी मात्र लिहीतच सुटलो. तुझी नजर उसनी आणता येईना, म्हणून सौ.ला स्कूटरवर बसवून पाडत राहिलो. लोक हसले. पण सत्काराला वाचून दाखवायला दर वेळी 'शेवटचा पाट'च मागायचे.

यंदा भाऊबीजेला भाऊजींनी माझा नवा लेख मोठ्याने वाचला. सगळे खिदळले. तू वाट्या उचलत म्हणालीस, "जमलं बरं. ताक थोडं पातळ झालं." जेवणात त्या दिवशी ताक नव्हतं. ते मला बसमध्ये आठवलं, बडनेऱ्याच्या अलीकडे.

माझ्या निवडक लेखांचं पुस्तक येतंय, हे तुला माहीत आहे. पहिला लेख तोच, आणि पुस्तकाचं नावही तेच. काल प्रकाशक ओमप्रकाशजींकडे गेलो, 'हसलो'चं पुन्हा 'हसली' करा म्हटलं. म्हणाले, "प्रूफ पास झालं जी, आता एका वेलांटीपायी पान बदलवू?" मी म्हटलं, "वेलांटीपायी नाही, नावापायी." सगळं सांगितलं. पुस्तकाचं नावही माझं नाही हे लक्षात आल्यावर ते खुर्चीत बसले आणि पाणी मागवलं. मग म्हणाले, "लोक तुम्हाले काय म्हणतील?" मी म्हटलं, "विषय मिळेल त्यांना."

अश्लेषालाही फोन केला. छापखान्याची चूक नव्हती, एवढंच सांगितलं. बाकीचं तू सांगायचं की नाही ते तुझ्याकडे. सांगितलंस तर तिच्या प्रबंधात माझं काय व्हायचं ते होवो.

सोबत पहिल्या पानाचं प्रूफ आहे. वर लेखिका म्हणून 'तारा' एवढंच टाकलंय. माहेरचं आडनाव लावायचं, सासरचं, की कुठलंच नाही, ते मी ठरवायचं नाही. जागा कोरी सोडली आहे. लेख छापायचाच नसेल तर पानावर आडवी रेघ मार, पुस्तक दुसऱ्या नावाने येईल. शेवटून तिसरी ओळ मात्र नीट बघ. मी आता काही तपासलेलं नाही, फक्त जे घेतलं होतं ते जिथल्या तिथे ठेवलं आहे: 'मी हसली, अन् उरलेलं ताक वाढून घेतलं.'

तुझा,
कमू

ता.क. लहानपणी मी पत्राखाली ही दोन अक्षरं लिहिली की तू म्हणायचीस, "ता म्हणजे तारा, क म्हणजे कमू. पाह्य, पयला नंबर माहा." पुस्तकात तोच क्रम लावला आहे.