वरून पुसलेलं पार्सल

३ ऑगस्ट
ती. दादास,
सा. न. वि. वि.
माझी किडनी तुझ्याकडे नीट नांदते आहे ना? तीन महिने झाले तिला सासरी जाऊन. बाइंडिंगच्या कारखान्यात जायची बंदी, म्हणून तू घरात येरझाऱ्या घालून वहिनीचं डोकं खातोस असं कळलं. तेव्हा तळघरातल्या ट्रंकेतून बाबांच्या नमुन्यांच्या वह्या पाठवते. त्यांच्या हातची बांधणी आहे. जरा ओल लागली आहे, पण बाइंडरला मी काय सांगणार? औषधांनी तुझी प्रतिकारशक्ती दाबलेली, म्हणून पार्सल जंतुनाशकाने चारदा पुसलं आहे.
आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नये.
तुझी ठमी

१४ ऑगस्ट
चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.
वह्या पोचल्या. बाबांनी शिकवलं तसं एकेका पानाच्या बेचक्यात फुंकर मारून ब्रशने झाडलं. हिरवट भुकटी उडाली, शिंकून बेजार झालो. मास्क लावून फुंकर कशी मारणार? पण आठ दिवस कसे गेले कळलं नाही. माझं मन ओळखावं तर तूच.
माया अशीच ठेव.
दादा

९ सप्टेंबर
प्रिय वन्सं,
नमस्कार.
फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून लिहिते. ह्यांचा ताप हटेना, परवा खोकल्यातून रक्त पडलं. फुप्फुसात बुरशी वाढली आहे. बुरशी शिळ्या पावाला येते, माणसाला कशी येईल? डॉक्टर म्हणाले, तिचे कण सगळ्यांच्याच श्वासात जातात, पण ह्यांच्या अंगात लढायला कोणी नाही. घरात ओलसर काय होतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा वह्या दाखवाव्या लागल्या. तुम्हाला दोष देत नाही, शेजारी बसून पानं मीच उलटत होते.
आता किडनी टिकवणारी औषधं कमी करायला हवीत. त्यात किडनी जाऊ शकते. हे संमतीच्या कागदावर सहीच करत नाहीत. ठमीने पोट कापून दिलेलं मी टाकणार नाही, एवढंच म्हणतात. तुम्हीच काही लिहा.
आम्हाला अंतर देऊ नये.
वहिनी

११ सप्टेंबर
ती. दादास,
नमस्कार.
वहिनीचं पत्र वाचलं. चारदा पुसलं मी, तेही वरून. आत काय आहे, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.
किडनी मी तुला जपून ठेवायला दिली नव्हती, जगायला दिली होती. गेली तर गेली. पुन्हा डायलिसिसच्या मशीनवर झोपशील, मी शेजारी बसून बडबड करीन. पण तू गेलास, तर माझ्या हाताने गेलास, हे घेऊन मी कशी जगू? धाकटी म्हणून आजवर पुष्कळ हट्ट केले, तेवढा हा एक पुरव.
या वेळी लोभ मागत नाही. सही कर.
ठमी