शाळेत मले मावशी म्हणजो

आई,

काल पांढुर्ण्याला मीटिंग होती. तुला ठाऊक नाही, पांढुर्णा आता जिल्हा झालाय आणि आपलं सौंसर त्यातच आलंय. प्रत्येक कागदासाठी घाट चढून छिंदवाड्याला जायचं काम संपलं. मीटिंग गुरांच्या लसीकरणाची होती. आम्ही सगळे डॉक्टर लांब टेबलाभोवती बसलो होतो. मी माझ्या भागातल्या गावांचं सांगत होते, तेवढ्यात पाठीमागे ट्रेमधल्या ग्लासांचा आवाज झाला आणि एका बाईच्या हाताने माझ्या कोपराजवळ पाणी ठेवलं. ग्लासाखाली तळहात, वर दोन बोटं, थेंबही सांडायला नको अशी. मी बोलता बोलता उठून उभी राहिले. साहेबांनी विचारलं, "मॅडम, क्या हुआ?" मी म्हटलं, कुछ नहीं, आणि बसले. ती बाई माझ्यापेक्षा लहान होती, तुझ्यासारखी मुळीच दिसत नव्हती. तरी मी ते पाणी प्यायले नाही. आज रविवार आहे, स्वयंपाक उरकलाय, आणि मी तुला हे लिहीत बसले आहे. लिहिताना माझी भाषा पुस्तकासारखी सरळ होते. तू हसली असतीस.

माझं बारावीचं वर्ष आठवतं का तुला? अकरावी मी दुसऱ्या शाळेत काढली होती. तिथले जीवशास्त्राचे सर बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, म्हणून बारावीला मला तुझ्या शाळेत यावं लागलं. तुझी शाळा म्हणजे जिथे बाबा चपरासी होते, आणि ते गेल्यावर अनुकंपेवर तू लागलीस. शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तू ओट्याजवळ उभी राहून भाकर थापत होतीस. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "शाळेत मले मावशी म्हणजो."

मला हसू आलं. "काऊन?"

"सगळे पोट्टे म्हणतेत. तूही म्हणजो. पयल्या घंटेपासून त शेवटच्या घंटेलोक मी तुही आई नाई."

"सगळ्यांले त माहीत आहे."

"माहीत असू दे ना. माहीत असणं येगळं, दिसणं येगळं. चांगले मार्क भेटले त म्हणतीन, मावशीची पोट्टी हाये, मास्तरायनं देल्ले. कमी भेटले त म्हणतीन, चपराशाचीच त पोट्टी, अजून काय होईन. मले दोन्ही आयकाचं नाई."

पहिले काही दिवस मला त्यात मजाच वाटली. मी सगळ्यांसारखी रांगेत उभी राहून म्हणायचे, "मावशी, पाणी द्या ना," आणि तू माझ्या ओंजळीत पाणी ओतायचीस, चेहऱ्यावर एक रेघ न हलवता. "घे बेटा." घरी तू मला कधी बेटा म्हटलं नाहीस. घरी मी "काय व" होते, "अवं पोट्टे" होते. बेटा तू शाळेतल्या सगळ्या पोरांना म्हणायचीस, आणि त्यांच्यासोबत मला.

मग वर्ष चढत गेलं. सकाळी घाईत तू भाजी करायचीस, मी डबा भरायचे, बोलणं एवढंच की मीठ पाहिलं का, छत्री घेतली का. तू खोल्या उघडायला आधी निघायचीस. दिवसभर मावशी. शेवटची घंटा झाली की तुला सगळ्या खोल्यांना कुलूप लावायचं असे, म्हणून मी एकटी घरी यायचे. तू घरी पोचून हातपाय धुवायचीस, थोडा वेळ दाराच्या पायरीवर बसायचीस आणि मग हळूहळू आई व्हायला लागायचीस, नेमका तेव्हा माझा कोचिंगला निघायचा टाइम झालेला असे. परत आल्यावर माझ्यासमोर भौतिकशास्त्राचं पुस्तक आणि तुझे डोळे झोपेने जड. आता हिशेब लावते तेव्हा कळतं, घरातल्या शेवटच्या वर्षात मी तुला मावशी म्हणूनच जास्त पाहिलं.

मैत्रिणींना मात्र तू भरपूर जागा ठेवली होतीस. मोहगावची, लोधीखेड्याची, रामाकोन्याची आणि मी, आम्ही मधल्या सुटीत निंबाखाली बसायचो. रामाकोन्याच्या पोरीचा संत्र्याचा बगीचा होता. ती दप्तरातून संत्री आणायची आणि आम्ही सालींचे फवारे एकमेकींच्या डोळ्यांत उडवायचो. तू व्हरांड्यात घंटेजवळ स्टुलावर बसलेली, पाठ आमच्याकडे. एकदा रामाकोन्याचीच म्हणाली, "तुले समजलं का व? आपण जास्त हसून राहिलो का त्या दिवशी सुटी लांबते." मी तिला वेड्यात काढलं. पण मग लक्ष ठेवलं. ती खोटं बोलत नव्हती.

एका रविवारी तिने आम्हा सगळ्यांना बगिच्यात बोलावलं. सोमवारी टेस्ट होती. मी नाही म्हणणार होते. तूच ओरडलीस. "जा ना व! अभ्यास पळून नाई जात. मैत्रिणी जातेत." तिच्या आईने तुलाही निरोप दिला होता. तुला सुट्टीच होती, तरी तू आली नाहीस. "मी आली त तुमी पोट्ट्या तोंड शिवून बसान." मी गेले. दिवसभर झाडांच्या सावलीत लोळलो, गाणी म्हटली, आणि तिथेच चौघींचं ठरलं की नागपूरला एका कॉलेजात जायचं, एका खोलीत राहायचं. एकीने खिडकीजवळचा पलंगही मागून घेतला.

त्यावरून आपलं वाजलं. मला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं हे तुला मान्य होतं, आपली शेळी उपचाराविना तडफडून गेली तेव्हापासून. पण तू म्हणालीस, जबलपूर. मी म्हटलं, नागपूर. तुझी बहीण तिकडे, मामा तिकडे, आपली बोली तिकडची, दवाखानाही तिकडचा.

"बोली तिकडची, सोयरे तिकडचे," तू म्हणालीस, "पण कागद इकडचा, मध्यप्रदेशचा. मूल निवासी दाखला इकडचा असून तिकडं कोन सीट देईन तुले?"

"दुसरा कोर्स घेईन. नागपूर जवळ त आहे."

"जवळ आहे म्हणूनच नको. दर शनिवारी पोतं भरून येशीन, सोमवारी रडत जाशीन."

"तुले मी इथं नकोच आहे ना?"

तू तांदूळ निवडत होतीस. खडा बाजूला ठेवलास आणि म्हणालीस, "नको." इतकंच. मी ऑनलाइनच्या दुकानात जाऊन जबलपूरचा अर्ज भरला. मैत्रिणींशी दोन दिवस बोलले नाही, तुझ्याशी त्याहून जास्त.

आणि मग केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. बाहेरून परीक्षक आले होते. माझ्या हातून ब्युरेट सुटला, टेबलावर आपटून फुटला. परीक्षकांनी वर बघून कपाळाला आठी घातली आणि माझं सगळं शिकलेलं डोक्यातून वाहून गेलं. प्रश्न विचारले तेव्हा मी काचा गोळा करत राहिले. मग बाहेर आले. व्हरांड्याच्या त्या टोकाकडून तू येत होतीस, हातात चहाचा ट्रे, निळी साडी, पिनने वर लावलेला पदर. मी धावले. सगळ्या शाळेत ऐकू जाईल अशी ओरडले, "आई!"

तू थांबलीस. माझ्या मागे प्रयोगशाळेच्या दारात परीक्षक येऊन उभे होते, ते मला नंतर कळलं. तुला ते दिसत होते. तू माझ्याकडे पाहिलंस, रोज सगळ्यांकडे पाहायचीस त्याच चेहऱ्याने, आणि म्हणालीस, "काय पाहिजे, बेटा? पाणी पाहिजे?"

मी मागे सरकले. तू माझ्या बाजूने निघून गेलीस. ट्रेमधला एकही कप हलला नाही.

घरी तू सांगितलंस ते मी ऐकलं, समजलंही. "त्या मानसासमोर मी तुही आई झाली असती त त्याले वाटलं असतं, मार्क मांगाले आली. जे भेटन ते तुह्या हातचं भेटू दे." तू माझ्या केसांना तेल लावत होतीस. तेव्हा वाटलं, गेलं ते. पण तो व्हरांडा काही माझ्यातून गेला नाही. मार्क बरे मिळाले, प्रवेश परीक्षा निघाली, विदाईच्या कार्यक्रमात मैत्रिणींनी तुला स्टेजवर बोलावून साडी दिली आणि तू लाजून पदर दातात धरलास. शेवटची घंटा तूच दिलीस. मी घंटेजवळ जाऊन हळूच म्हटलं, "झालं आता. आई?" तू इकडेतिकडे पाहिलंस. "निकाल लागाचा आहे अजून."

जबलपूरला तू मला सोडायला आलीस. गाडीत रात्रभर माझ्या पेटीवर पाय ठेवून बसली होतीस. हॉस्टेलच्या फाटकावर मॅडमनी विचारलं, "आप कौन?" तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस, जणू परवानगी मागतेस. मग म्हणालीस, "मैं इसकी माँ." ते मी आजही ऐकते. पण इतकी वर्षं झाली, जास्त ऐकू येतं ते व्हरांड्यातलं दुसरंच.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत तू शाळेतच पडलीस, दोन तासांच्या मध्ये, घंटा द्यायला उठलीस तेव्हा. फोन रामाकोन्याच्या मैत्रिणीचा होता. ती नागपूरला गेलीच नव्हती, घरच्यांनी गावातच लग्न ठरवलं होतं. मी पोचले तेव्हा अंगणात शाळेची पोरं भरली होती. सगळी रडत होती, "मावशी, मावशी." तुला पांढऱ्या साडीत ठेवलं होतं, उशाशी मेणबत्ती. मी गुडघ्यांवर बसले. मला हाक मारायची होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "मावशी." शेजारची काकी कोणाला तरी म्हणाली, "पोट्टी भ्रमली व." मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. बुद्धवंदना सुरू झाली, सगळ्यांनी हात जोडले, आणि तुला नेईपर्यंत मला दुसरा शब्द सापडला नाही.

तेव्हापासून तू येतेस. मी हे डॉक्टरला सांगितलं नाही, नवऱ्याला अर्धवट सांगितलंय. वर्षाच्या परीक्षेत पेपर हातात आला की हॉलच्या मागच्या भिंतीला तू उभी असायचीस, निळ्या साडीत, पाण्याचा जग घेऊन. मी वळायचे नाही. तू फक्त माझ्यासाठी नसायचीस. सगळ्या पोरांकडे सारखंच बघायचीस. इंटरव्ह्यूच्या दिवशी बाहेरच्या बाकाजवळ. पहिल्या पोस्टिंगला, दवाखान्याचं कुलूप उघडलं तेव्हा आत. तू काही बोलत नाहीस. बोलू नयेस म्हणून मी तुला हाक मारत नाही. मला भीती वाटते, मी ओरडेन आणि तू त्याच चेहऱ्याने विचारशील, काय पाहिजे.

मैत्रीण परवा भेटली. तिच्या गायीला वासरू अडलं होतं, मी रामाकोन्याला गेले. वासरू बाहेर आलं, जिवंत, हलकं धडपडणारं. हात धुताना ती म्हणाली, "मावशीनं तुले बरं धाडलं जबलपूरले. तू इथं असती त माह्यासारखी राह्यली असती." मग चहा घेताना म्हणाली, तू जाण्याच्या आधी एकदा तिच्या बगिच्यात गेली होतीस, एकटी, सुट्टीच्या दिवशी. आम्ही चौघी जिथे लोळलो होतो तिथे बसलीस. तिने विचारलं, मावशी, पोट्टीची याद येते का? तू म्हणालीस, "पोट्टी मजेत आहे का नाई, काही समजत नाई बापा. फोनवर बोलतच नाई धड."

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, पाकीटही करणार नाही. फक्त एवढं लिहून उठते. दर रविवारी तू हॉस्टेलच्या फोनवर विचारायचीस, कसं आहे व तिथं, आणि मी म्हणायचे, ठीक आहे. तुला वाटावं की मला वनवासात धाडलंस, म्हणून. खरं असं होतं की पहिल्याच महिन्यात मी रमले होते. बालाघाटच्या, रिव्याच्या पोरी माझ्या हिंदीला हसायच्या आणि मीही हसायचे, गच्चीवर कपडे वाळत घालता घालता आम्ही नाचायचो, पहिल्यांदा गायीच्या पोटावर कान ठेवला तेव्हा आतलं सगळं जग ऐकू आलं. मला जबलपूर फार आवडलं होतं, आई. इतकं, की त्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मला घरी यावंसंच वाटत नव्हतं.