चौथ्या दुकानातला पिझ्झा

सौ. शैला हिस,
नेपल्सहून सप्रेम.

फोनवर बोलताना आभा शेजारीच असते, म्हणून हे पत्र. माझी प्रकृती उत्तम आहे. बीपीची गोळी रोज घेतो.

रोज एका नव्या दुकानात पिझ्झा खायचा, असं आम्हा बापलेकीचं ठरलं आहे. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये बत्तीस वर्षं नोटांमधले दोष शोधले, ती सवय काही जात नाही. पिझ्झा आला की मी आधी उचलून त्याचा तळ बघतो. "बाबा, लोक बघतायत," आभा म्हणते. पहिल्याचा तळ करपलेला, दुसरा मधोमध कच्चा, तिसऱ्याचं चीज एकाच बाजूला ओघळलेलं. तिन्ही नापास.

काल चौथं दुकान झालं. "मी आणि विहंग दर शनिवारी इथेच येतो," आभा म्हणाली. आपले जावई अजून एकदाही आमच्याबरोबर आलेले नाहीत. कामं फार असतात म्हणे. दुकानाचा मालक तिला पाहून हसला आणि न विचारता कोपऱ्यातलं एका खुर्चीचं टेबल पुसून दिलं. मग त्याला मी दिसलो, तशी धावत जाऊन दुसरी खुर्ची आणली.

पिझ्झा मात्र चोख होता. मी तळ बघितला, तेव्हा आभा खिडकीबाहेर बघत होती. मी मोठा तुकडा तिच्या ताटलीत वाढला.

तुझा गुडघा कसा आहे? कढीपत्त्याला पाणी घालतेस ना?

परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकललं आहे. शेजारी कोणी विचारलं, तर अजून बरीच दुकानं बघायची राहिलीत, असंच सांग.

तुझा,
ढुंढिराज