फीड बंद करणार नाही

बुधवार, संध्याकाळ

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, वाचनालयाचं ते फीड बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की! फीड कोण बघतं?"

ग्रुपवर रोज सकाळी 'सुप्रभात'चे गुलाब, मग अध्यक्षांच्या सत्कारांचे फोटो. नव्या पुस्तकांची माझी खबर त्याखाली गाडली जाते. फीडवर फक्त पुस्तकं. नवं पुस्तक आलं की मी तिथं नोंद टाकते, ती वाचकाच्या मोबाइलवर आपोआप दिसते.

कोण बघतं म्हणे! आजच मंद्रूपहून शबाना एसटीनं आली. "फीडवर दिसलं ते नर्सिंगचं पुस्तक द्या की, मॅडम. लई शोधलं." अध्यक्ष समोरच बसलेले. तरी जाताना म्हणालेच, "उद्या बंद करा."

का करू? गुलाब बघायला मंद्रूपहून कुणी येतं का?

उद्या गुलाब पडायच्या आत फीडवर नवी पुस्तकं टाकते. बंद करायचं तर करा म्हणावं स्वतः. पासवर्ड विचारायला माझ्याकडेच यावं लागेल.